बॅरियर बदलला, चार दिवसांनी परत उडाला: झेनर बॅरियरच्या लूपमध्ये कुठून बघायला सुरुवात करायची

पावसाळा लागला की मला फोन यायला लागतात आणि बहुतेक फोनची सुरुवात एकच असते, "काका, बॅरियर परत गेला." मी बडोद्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, मकरपुऱ्यात छोटं वर्कशॉप आहे, पण निम्मा महिना नंदेसरी, रणोली, पादरा या पट्ट्यातल्या केमिकल प्लांटांमध्येच जातो, सॉल्व्हंटचे टँक, रिअ‍ॅक्टर, ड्रायर, जिथे हवेत वाफ असू शकते अशा जागा. गेल्या वीस-बावीस वर्षांत एकच फॉल्ट इतक्या वेळा सोडवलाय की आता एकदा लिहूनच काढतो, म्हणजे आपल्याकडची जी मराठी पोरं आयटीआय करून या लाईनला लागलीत त्यांना उपयोगी पडेल.

आधी बॅरियर म्हणजे नक्की काय ते डोक्यात पक्कं असू द्या, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. लूप म्हणजे फील्डला, म्हणजे बाहेर टँकवर, बसलेला ट्रान्समीटर (लेव्हल वगैरे मोजून ४ ते २० मिलिअँप करंटने कळवणारं उपकरण), त्याची केबल, पॅनलमधला बॅरियर आणि तो करंट वाचून स्क्रीनवर आकडा देणारं कार्ड. त्यातल्या बॅरियरच्या चपट्या डबीत तीन गोष्टी असतात, एक फ्यूज, झेनर डायोड (एकाच्या जागी दोन किंवा तीन, एक बिघडला तरी दुसरा असावा म्हणून), आणि फील्डकडे जाताना एक रेझिस्टन्स. झेनर व्होल्टेज अडवतो, रेझिस्टन्स करंट अडवतो, आणि झेनरवर फार वेळ लोड आला तर तो जळायच्या आत फ्यूज जातो. बडोदेकरांना सांगायचं तर आजव्याची पातळी आठवा. तलाव ठरलेल्या फुटांवर गेला की वरचं पाणी विश्वामित्रीत सोडतात, तलाव फुटू देत नाहीत. झेनर तेच करतो, व्होल्टेज ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की जास्तीचं सगळं अर्थमध्ये सोडतो. आता विश्वामित्रीतच जागा नसेल तर तेच पाणी कुठे शिरतं हे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलंय. अर्थिंगचं मी खाली एवढं का लिहिलंय ते यावरून लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त दिसणारा बॅरियर २८ व्होल्ट, ३०० ओहमचा. फील्डला वायर शॉर्ट झाली तरी २८ भागिले ३०० म्हणजे ९३ मिलिअँपच्या वर करंट जाऊच शकत नाही, आणि जास्तीत जास्त पॉवर ०.६५ वॉटच्या आसपास. एवढे छोटे आकडे का, तर हायड्रोजन पेटवायला साधारण २० मायक्रोज्यूल पुरतात, प्रोपेनला पाव मिलिज्यूल. आपल्याला दिसणारसुद्धा नाही अशी ठिणगी बास होते. वेल्समधल्या सेंघेनिडच्या कोळसा खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ ला स्फोट झाला, ४३९ खाणकामगार गेले, आणि ज्या कारणांवर संशय घेतला गेला त्यात सिग्नलच्या घंटीच्या सर्किटमधली ठिणगी होती. बॅटरीवर चालणारी साधी घंटी. त्या काळात अशा घंटीच्या सर्किटांवर जे प्रयोग झाले त्यातूनच 'ठिणगी पडली तरी पेटणार नाही एवढीच एनर्जी आत सोडायची' हा विचार उभा राहिला, आपण ज्याला इन्ट्रिन्सिक सेफ्टी म्हणतो तो.

लक्षणं कुठली

माझ्याकडे येतात ती मुख्य पाच. पहिलं, रीडिंग एकदम शून्याखाली, कार्डवर करंट ३.६ मिलिअँपच्या खाली किंवा सरळ शून्य, ओपन वायरचा अलार्म. दुसरं, रीडिंग खाली बरोबर असतं पण ८०-८५ टक्क्यांच्या पुढे हलतच नाही, टँक भरतोय आणि स्क्रीनवर आकडा तिथेच चिकटलाय, हे फार धोक्याचं कारण ऑपरेटरला वाटतं अजून जागा आहे. तिसरं, रीडिंग खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं आणि सकाळी जास्त, दुपारी कमी असा फरक पडतो. चौथं, एक नाही तर पाच-सहा लूप एकदम नाचतात, विशेषतः मोठी मोटर सुरू झाली की. आणि पाचवं म्हणजे ज्याच्यासाठी हे लिहितोय ते, नवा बॅरियर टाकला की दोन दिवस, चार दिवस, आठवडा चालतो आणि परत जातो.

आपल्याकडे यातलं कुठलं आहे ते कागदावर लिहा, किती वाजता झालं तेही लिहा, पाऊस होता का ते पण. पुढची अर्धी मेहनत वाचते.

हात लावायच्या आधी

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. बॅरियर गेला, स्टोअरमध्ये दुसरा नाही, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे आहेत, म्हणून वायर 'डायरेक्ट' करू नका. आत आणि बाहेरची टर्मिनल जोडून लूप चालू होतो, रीडिंग छान येतं, सगळे खुश, आणि त्या क्षणापासून टँकवरच्या जेबीमध्ये (जंक्शन बॉक्स, केबल जोडायची पेटी) पॅनलमधली सगळी ताकद उघडी असते. मी असे डायरेक्ट केलेले लूप दोन-दोन वर्षं तसेच पाहिलेत कारण ज्याने केलं तो नोकरी सोडून गेला आणि पुढच्याला माहीतच नाही. रीडिंग बंद असेल तर टँकवर माणूस पाठवून डिप घ्या (पट्टीने लेव्हल मोजा), ट्रान्सफर थांबवा, पण डायरेक्ट नाही.

दुसरं, पॅनल रूम सेफ एरियात असेल तर तिथे साधा मल्टिमीटर चालतो. टँकफार्ममध्ये, झोनमध्ये (जिथे पेटणारी वाफ असू शकते तिथे), साधा मल्टिमीटर नेऊन जेबी उघडायचा नाही. तिथे इन्ट्रिन्सिकली सेफ मीटर लागतो किंवा गॅस टेस्ट करून, परमिट काढून मगच. म्हणून खालचा क्रम मी असा लावलाय की पहिले चार-पाच चेक पॅनल रूममध्येच होतात, फुकटात होतात.

एकच लूप की अनेक

सगळ्यात सोपं, खुर्चीत बसून होतं. ट्रेंड (रीडिंगचा वेळेप्रमाणे आलेख) उघडा आणि त्याच बॅरियर रेलवरचे बाकीचे लूप बघा. एकच गेला असेल तर त्या लूपची वायर, जेबी, ट्रान्समीटर किंवा बॅरियर. चार-पाच एकदम गेले किंवा नाचले तर बॅरियर सोडा, सप्लाय आणि अर्थिंग पकडा. हा एक प्रश्न न विचारता पोरं सरळ बॅरियर बदलायला घेतात आणि तीन तास घालवतात. ट्रेंडमध्ये तो पडला कसा तेही बघा. फ्यूज जातो तेव्हा रेघ सरळ खाली कोसळते. पाणी शिरतं तेव्हा आधी काही तास रेघ थरथरते, वर-खाली होते आणि मग कोसळते. हा फरक डोळ्यांना एकदा सवयीचा झाला की निम्मं निदान तिथेच होतं.

एसएमपीएस किती व्होल्ट देतोय

मीटर लावा, एसएमपीएसवर (पॅनलला २४ व्होल्ट डीसी देणारा सप्लाय) नाही, बॅरियरच्या रेलवर जिथे सप्लाय येतो तिथे. २८ व्होल्टच्या बॅरियरला २४ म्हणजे आरामात, पण प्रत्येक बॅरियरच्या डेटाशीटवर वर्किंग व्होल्टेज आणि मॅक्झिमम व्होल्टेज लिहिलेलं असतं, २५-२६ आणि २६-२७ च्या आसपास, मॉडेलप्रमाणे बदलतं. त्याच्या वर गेलात की झेनर हळूहळू वाहायला लागतो, जास्तीचा करंट फ्यूजमधून जातो, आणि फ्यूज ५० मिलिअँप किंवा तसाच लहान असतो. उन्हाळ्यात पॅनल रूमचा एसी बंद असला की झेनरचं लीकेज आणखी वाढतं, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं तर बंद पॅनलच्या आत काय असेल विचार करा.

एका ठिकाणी महिन्याला दोन-तीन बॅरियर जात होते, कधी हा तर कधी तो, कुठलाच लूप ठरलेला नाही. एसएमपीएसचा आकडा बघितला तर २७.४. पुढचा स्क्रू कोणीतरी फिरवून ठेवलेला. का फिरवला तेही शोधलं, कारण लांबच्या एका ट्रान्समीटरला व्होल्टेज पुरत नव्हतं, त्याचं रीडिंग वर अडकत होतं, म्हणून कोणीतरी सगळ्या पॅनलचा सप्लाय वाढवला. एका लूपची भूक भागवायला बाकीच्या चाळीस लूपचे बॅरियर पणाला लावले. सप्लाय २४ वर आणला, त्या लांबच्या लूपचं वेगळं सोडवलं (ते खाली येतंच), बॅरियर जायचे थांबले.

मीटर एसीवर टाकून पण एकदा बघा. डीसी २४ बरोबर असेल आणि वर दोन-तीन व्होल्ट एसी चढलेला असेल तर एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेत, तो बदला.

टर्मिनल ओढून बघा

दोन बोटांत वायर धरून हलकं ओढायचं, प्रत्येक. लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा तुकडा) न लावता अर्धी तार आत आणि अर्धी बाहेर अशी वायर इतक्या वेळा सापडते. फेरुलचा (वायरीवरच्या नंबराच्या नळीचा) नंबर आणि टर्मिनलचा नंबर जुळवा, शटडाऊननंतर दोन वायर अदलाबदल झालेल्या असतात. आणि हे करतानाच बघा की निळ्या केबल, म्हणजे फील्डकडच्या इन्ट्रिन्सिकली सेफ वायर, साध्या वायरींबरोबर एकाच डक्टमध्ये तर नाही घातल्या. टर्मिनलमध्ये ५० मिलिमीटरचं अंतर हवं ते उगीच नाही. साधी २३० व्होल्टची वायर घासून निळ्या वायरीला लागली तर बॅरियरच्या पुढे लागली, म्हणजे बॅरियरला कळणार पण नाही आणि ते व्होल्टेज सरळ टँकवर.

बॅरियर खरंच गेलाय का

आता मीटरने बॅरियर तपासा, दोन्ही बाजूच्या वायरी काढून, सप्लाय बंद करून. सेफ साईडच्या (पॅनलकडच्या) टर्मिनलपासून त्याच चॅनलच्या फील्ड साईडच्या टर्मिनलपर्यंत रेझिस्टन्स. ३०० ओहमच्या बॅरियरला ३३०-३४० च्या आत आकडा येतो, फ्यूजचा आणि बाकीचा रेझिस्टन्स मिळून. अनंत दाखवला तर फ्यूज गेला.

पण थांबा. डबल चॅनलच्या बॅरियरमध्ये परतीचा चॅनल बऱ्याच वेळा डायोडचा असतो, करंट फक्त फील्डकडून आत येऊ शकतो. तो ओहमवर मोजलात तर ओपनच दाखवणार आणि तुम्ही चांगला बॅरियर फेकणार. तिथे मीटर डायोड मोडवर टाका, लाल फील्ड साईडला, काळा सेफ साईडला, ड्रॉप आला पाहिजे, उलटं केलं की येता कामा नये. आत एकाहून जास्त डायोड सिरीजमध्ये असले तर ड्रॉप नेहमीच्या ०.६ पेक्षा जास्त दिसतो, घाबरू नका. मागे एका प्लांटच्या ड्रॉवरमध्ये अकरा 'गेलेले' बॅरियर ठेवले होते, मी चहा होईपर्यंत सगळे तपासले, चार एकदम चांगले निघाले. प्रत्येकी काही हजारांचा माल.

खरंच गेला असेल तर तो उघडून फ्यूज बदलायच्या फंदात पडू नका. आत सगळं रेझिनमध्ये ओतलेलं असतं ते याचसाठी, की कोणी आत हात घालू नये. काही मॉडेलना बाहेरून बदलता येणारा फ्यूज असतो, तिथे कंपनीने सांगितलेलाच टाकायचा, दुकानातला दिसायला सारखा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा बॅरियर लगेच लावू नका. जुना कशामुळे गेला ते कळल्याशिवाय नवा लावला तर चार दिवसांनी तुम्ही परत हेच वाचत असाल.

व्होल्टेज पुरतंय का, हिशोब करा

हे वर अडकणाऱ्या रीडिंगसाठी. कागद-पेन्सिल, दहा मिनिटं. समजा सप्लाय २४ व्होल्ट. २० मिलिअँपला बॅरियरच्या ३४० ओहममध्ये ६.८ व्होल्ट जातात. परतीच्या डायोड चॅनलमध्ये धरा १.३. कार्डच्या २५० ओहममध्ये ५. दीड स्क्वेअर एमएमची केबल किलोमीटरला १२.१ ओहम, ३०० मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन ६०० मीटर, ७ ओहमच्या वर, तिथे ०.१५. बेरीज सव्वातेरा. ट्रान्समीटरला उरले पावणेअकरा. आता ट्रान्समीटर साडेदहावर चालणारा असेल तर कसाबसा चालेल, पण त्याला १२ लागत असतील तर? मग लूप १८ मिलिअँपच्या जरा खालीच थांबतो, म्हणजे स्क्रीनवर साधारण ८७ टक्के. टँक शंभरला गेला तरी ८७. आणि सप्लाय थकून २३.२ झाला असेल तर ७९ लाच अडकेल.

म्हणून जुना ट्रान्समीटर काढून नवा, डिस्प्लेला लाईट असलेला बसवला आणि त्यानंतर हे सुरू झालं, असं कोणी सांगितलं की मी आधी हा हिशोब करतो. उपाय तीन. कमी व्होल्टेजवर चालणारा ट्रान्समीटर, किंवा कार्डचा इनपुट रेझिस्टन्स कमी (पण हार्ट कम्युनिकेटर, म्हणजे ट्रान्समीटरची सेटिंग बदलायचं हातातलं यंत्र, वापरत असाल तर त्यालाही ठरावीक रेझिस्टन्स लागतो, ते बघून), किंवा त्या एका लूपला झेनर बॅरियर काढून गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (पॅनल आणि फील्डची सर्किटं विजेने वेगळी ठेवणारा). आयसोलेटर महाग पडतो पण त्यात फील्डला व्होल्टेज जास्त मिळतं आणि त्या खास अर्थिंगवर अवलंबून राहावं लागत नाही. सप्लायचा स्क्रू फिरवणं हा उपाय नाही, वरचा २७.४ वाला किस्सा त्याचाच.

जेबी, आणि पाणी

आता परमिट काढून बाहेर. सांगतो, चार दिवसांनी परत उडणाऱ्या बॅरियरचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडलंय.

नंदेसरीकडे एका प्लांटला लेव्हलच्या एका लूपचा बॅरियर एका पावसाळ्यात तीनदा गेला. प्रत्येक वेळी माणूस दुपारी यायचा, केबल तपासायचा, सगळं बरोबर, नवा बॅरियर लावायचा, रीडिंग चालू, सही घेऊन परत. चौथ्या वेळी मला बोलावलं तर मी सांगितलं मी सकाळी सहाला येतो. माझ्याबरोबर नवा पोरगा होता, त्याला म्हटलं जेबीचं झाकण हळू उघड आणि कशाला हात लावू नको, फक्त बघ. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब होते, टाइल्सवर धरतात तसे. ग्लँड (केबल पेटीत घ्यायचं घट्ट तोंड) वरून आत आलेला, वरची रबर रिंग वाळून चिरलेली, आणि त्या केबलवरून पाण्याची एक ओळ खाली येऊन बरोबर प्लसच्या टर्मिनलवर थांबत होती. तांब्याच्या तारेवर हिरवट खार आलेला आणि तो खार टर्मिनलपासून खाली पत्र्यापर्यंत बोटभर ओघळलेला. दुपारी उन्हात हेच कोरडं होतं, मेगरला (इन्सुलेशन तपासायचा मीटर) पण चांगलं येतं. पहाटे ओलं.

आता यात बॅरियर का जातो ते बघा, हे समजून घेण्यासारखं आहे. प्लस आणि मायनस आपापसात शॉर्ट झाले तर करंट कार्डच्या २५० ओहममधून परत येतो, म्हणजे २४ भागिले ५९० च्या आसपास, ४० मिलिअँप, फ्यूज टिकतो आणि स्क्रीनवर रीडिंग फुल्ल वर जातं, लगेच कळतं. पण प्लस जर जेबीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला लागला तर करंट कार्डमधून येतच नाही, अर्थमधून परस्पर जातो, २४ भागिले ३४०, म्हणजे ७० मिलिअँप. फ्यूज ५० चा. लगेच जात नाही, तापत राहतो आणि काही वेळाने जातो. आणि स्क्रीनवर त्या वेळी शून्य. म्हणजे ज्या माणसाने फक्त स्क्रीन बघितली त्याला वाटतं वायर तुटली. नुसती ओल असेल, पूर्ण अर्थ झाला नसेल, तर प्लस-मायनसमधून थोडं लीकेज होतं आणि रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, वर लिहिलेलं तिसरं लक्षण, सकाळी जास्त दुपारी कमी.

आम्ही काय केलं, तर टर्मिनल बदलले, तारा मागे कापून नवीन लग मारले, केबल खालून आत घेतली, जेबीच्या आधी केबलला खाली एक वळण दिलं म्हणजे पाणी तिथेच टपकतं, नवा सर्टिफाइड ग्लँड, न वापरलेल्या भोकाला कापडाचा बोळा होता तो काढून बरोबर प्लग. शेवटी बॅरियर. अजून तो टिकून आहे.

शिल्ड (केबलच्या तारांभोवतीचं धातूचं आवरण) पण इथेच बघा. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची, पॅनलच्या बाजूला, आयएस (इन्ट्रिन्सिक सेफ्टीच्या) अर्थ बारवर. फील्डच्या टोकाला कापून स्लीव्ह घालून बंद. दोन्ही टोकांना जोडलेली असली की दोन अर्थमधल्या फरकाने करंट शिल्डमधून फिरतो आणि रीडिंग नाचतं.

अर्थिंग

इथे मी तुम्हाला बघायला सांगणार आहे, खोलायला नाही.

झेनर बॅरियरचा सगळा जीव अर्थमध्ये आहे. चुकून २३० व्होल्ट सेफ साईडला आले तर झेनरने ते अर्थमध्ये सोडायचे आणि तेवढ्यात फ्यूज जायचा, असं ते डिझाइन. बॅरियर २५० व्होल्टपर्यंतच्या फॉल्टसाठी बनवलेला असतो. पण अर्थची वायरच सैल असेल तर झेनर सोडणार कुठे? मग बॅरियरच्या अख्ख्या अर्थ बारचं व्होल्टेज वर जातं आणि सोबत फील्डच्या वायरींचं. आणि वाईट हे की अर्थ तुटलेला असताना सगळे लूप नेहमीसारखे चालतात, कधी कधी फक्त थोडे नाचतात. डबल चॅनलच्या लूपला तर काहीच कळत नाही.

डोळ्यांनी एवढं बघा. बॅरियर ज्या बारवर बसलेत तो पॅनलच्या पत्र्यापासून इन्सुलेट केलेला आहे का. त्या बारपासून निघणाऱ्या वायरी किती आणि किती जाड, कमीत कमी दोन वेगळ्या दीड-दीड स्क्वेअर एमएमच्या किंवा एक चार स्क्वेअर एमएमची, आयएस/आयईसी ६००७९-१४ या स्टँडर्डमध्ये तसं आहे. त्यांच्यावर लेबल आहे का. त्या जातात कुठे. प्लांटच्या मुख्य इलेक्ट्रिकल अर्थ पॉइंटपर्यंतचा रेझिस्टन्स १ ओहमच्या आत हवा.

आपल्याकडे एक चूक सर्रास होते ती सांगतो. इन्स्ट्रुमेंटसाठी 'स्वच्छ' अर्थ हवा म्हणून मागे वेगळा खड्डा मारतात, कोळसा-मीठ घालून छान पिट करतात, आणि तो मुख्य अर्थला जोडतच नाहीत. पिटचं रीडिंग दोन-तीन ओहम येतं, सगळे समाधानी. पण फॉल्टचा करंट परत ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपर्यंत जायला हवा, त्याला मातीतून वाट काढावी लागली तर तो १ ओहमचा हिशोब कुठे राहिला? झेनर बॅरियरचा अर्थ वेगळ्या इन्सुलेटेड वायरने पण मुख्य पॉइंटलाच जोडलेला हवा. मोजायचं काम मात्र प्लांटच्या इलेक्ट्रिकल माणसाबरोबर. दोन वायरी असण्याचा एक फायदा म्हणजे एक सोडून मोजताना दुसरी जोडलेली राहते. एकच असेल तर चालू प्लांटमध्ये ती सोडायची नाही, शटडाऊनची वाट बघा.

केबल मेगर

हे शेवटी, कारण यात त्रास आणि धोका दोन्ही जास्त. केबल दोन्ही टोकांना सोडलेली पाहिजे, बॅरियर आणि ट्रान्समीटर दोन्ही बाजूला काढून. बॅरियर जोडलेला ठेवून ५०० व्होल्टचा मेगर मारला तर मेगरला झेनरचा शॉर्ट दिसतो, आणि ट्रान्समीटरचं कार्ड जाऊ शकतं. जेबीमध्ये सर्ज प्रोटेक्टर असेल तर तोही बाजूला, नाहीतर तो मध्येच वाहतो आणि तुम्ही चांगली केबल खराब ठरवता. तार ते तार, तार ते आर्मर. मोजून झालं की केबल डिस्चार्ज करा. मेगर स्वतः ठिणगी पाडू शकणारं यंत्र आहे, म्हणून एरिया गॅस-फ्री असल्याचं लेखी हातात नसेल तर हा चेक करूच नका. आणि शक्य असेल तर सकाळी करा, वर सांगितलंच का ते.

मे-जूनच्या पहिल्या वळवाच्या पावसात विजा पडतात आणि त्यानंतर दोन-तीन बॅरियर एकदम गेलेले मिळतात, उंच टँकवरचे. तिथे केबलमध्ये काही सापडत नाही. तिथे सर्ज प्रोटेक्टर लावायचा, पण तोही त्याच लूपच्या सर्टिफिकेटमध्ये बसणारा.

कुठे थांबायचं

नवा बॅरियर लागोपाठ दोनदा गेला आणि कारण सापडलं नाही, तर तिसरा लावू नका. लूप सोडून ठेवा, लेखी कळवा.

स्टोअरमध्ये तोच नंबर नाही आणि दुसऱ्या कंपनीचा 'सेम २८ व्होल्टवाला' मिळाला, तर थांबा. व्होल्टेज सारखं असून भागत नाही. बॅरियरमधून जाऊ शकणारं जास्तीत जास्त व्होल्टेज, करंट आणि पॉवर (यूओ, आयओ, पीओ) हे ट्रान्समीटरला चालणाऱ्या आकड्यांपेक्षा (यूआय, आयआय, पीआय) जास्त नकोत, आणि ट्रान्समीटर अधिक केबल मिळून कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स बॅरियरच्या मर्यादेच्या (सीओ आणि एलओ) आत. हायड्रोजनवाल्या म्हणजे आयआयसी गटाला २८ व्होल्टवर परवानगी फक्त ०.०८३ मायक्रोफॅरडची असते. केबलचा डेटा नसेल तर मीटरला २०० पिकोफॅरड धरायचे, म्हणजे चारशे मीटरच्या आसपास संपलं, त्यातून ट्रान्समीटरचा वाटा अजून वजा. हायड्रोजनपेक्षा कमी सहज पेटणाऱ्या वायूंच्या आयआयबी गटाला हीच मर्यादा बरीच जास्त. हा हिशोब ज्याच्या सहीने लूपची फाईल बनली त्याने करायचा, तुम्ही-मी नाही.

अर्थ बारवर व्होल्टेज मिळालं, बॅरियरची डबी काळी पडलेली किंवा वितळलेली दिसली, झोन शून्यमध्ये म्हणजे टँकच्या आतल्या प्रोबला हात लावायची वेळ आली, किंवा कोणीतरी आधी डायरेक्ट केलेला लूप सापडला, या चारही वेळा काम तिथेच थांबवून सेफ्टी ऑफिसर आणि हॅझार्डस एरियाचं ट्रेनिंग असलेला माणूस. डायरेक्ट केलेला लूप सापडला तर गुपचूप नीट करून टाकू नका, कारण तो किती दिवस तसा होता आणि अजून किती तसे आहेत ते कोणीतरी शोधायला हवं. पेट्रोलियमच्या परवान्याखालची जागा असेल तर बदललेल्या उपकरणाला नागपूरच्या पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मंजुरी लागते का हेही तोच माणूस बघेल.

त्याला बोलवाल तेव्हा हे तयार ठेवा, त्याचा दिवस वाचतो आणि तुमचे पैसे: लूप ड्रॉइंग, बॅरियर आणि ट्रान्समीटर दोन्हीच्या नेमप्लेटचे फोटो सर्टिफिकेट नंबरासकट, केबलची लांबी, रेलवर मोजलेलं व्होल्टेज, ट्रेंडची प्रिंट, आणि बॅरियर गेल्याच्या तारखा वेळेसकट. आणि गेलेला बॅरियर फेकू नका, कुठल्या टॅगचा, कुठल्या दिवशी काढला अशी चिठ्ठी चिकटवून त्याला द्या, कुठल्या चॅनलचा फ्यूज गेलाय यावरून तो कुठे शोधायचं ते ठरवेल.